पंचविसाव्या हिश्श्यातली स्ट्रीट मशीन

प्लास्टिकचे सुटे भाग जोडून छोटी मोटार बनवायच्या अमेरिकी मॉडेल किटांचं १:२५ हे प्रमाण एक मोठी सोय करून देतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्यामुळे खऱ्या गाडीवरचा एक इंच मॉडेलवर जवळजवळ एक मिलिमीटर होतो. चूक पडते ती दीड-पावणेदोन टक्क्यांची. अमेरिकेत टायर, रिम, पट्टे, नळ्या यांची मापं इंचातच देतात. ती तशीच मिलिमीटर म्हणून वाचायची आणि कापायला बसायचं. पण माप असं लहान होत असलं तरी पदार्थ लहान होत नाही. रंगाचा थर, चमकीचा कण, टायरमधलं रसायन, हवेतला दमटपणा हे सगळं मूळच्याच मापाचं राहतं. साध्या किटाची स्ट्रीट मशीन करताना जे बिघडतं, त्यातलं बरंचसं याच कारणानं.

अमेरिकेत १९४८ पर्यंतच्या गाडीत शर्यतीच्या गाडीसारखे फेरफार केले तर ती स्ट्रीट रॉड आणि त्यानंतरच्या गाडीत केले तर स्ट्रीट मशीन, अशी ढोबळ विभागणी आहे. नंबरप्लेट लावून रस्त्यावर धावणारी गाडी, पण इंजिन, मागची चाकं आणि उभं राहण्याची ढब शर्यतीच्या गाडीची. त्यातली सगळ्यात दणकट शैली म्हणजे प्रो स्ट्रीट. तिच्यात ड्रॅग शर्यतीची, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या अंतराच्या शर्यतीची, रुंद चाकं मागच्या मडगार्डच्या पूर्ण आत बसवलेली असतात. १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो हा तिचा आवडता घोडा, म्हणून इथं तीच घेऊ.

सुरुवात मागच्या चाकांपासूनच करावी, कारण बाकी सगळी मापं त्यांच्यावर ठरतात. ३१ इंच व्यासाचा आणि १८.५ इंच रुंदीचा टायर मॉडेलवर ३१ बाय १८.५ मिमी होतो. कॅमेरोची रुंदी ७४ इंच, म्हणजे ७४ मिमी धरा. दोन्ही मडगार्डांचं प्लास्टिक दीड-दीड मिमी जाड असतं आणि टायरच्या बाहेर एकेक मिमी मोकळी जागा हवी. उरले ६९. त्यातून दोन टायरांचे ३७ गेले की मध्ये ३२ मिमी राहतात. टायरच्या आतल्या बाजूला एकेक मिमी फट आणि अर्ध्या-अर्ध्या मिमीची टबची, म्हणजे चाकावरच्या आतल्या कवचाची, भिंत सोडली, की हाती उरतात २९ मिमी. चेसिसच्या दोन दांड्या, डिफरन्शिअल (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरांची पेटी), स्प्रिंगा हे सगळं त्यातच बसवायचं आहे. हे आकडे आपल्या बॉडीवर व्हर्निअर लावून पडताळून घ्या, कारण मडगार्ड वरच्या बाजूला आत झुकलेलं असतं आणि टायर तिथंच घासतो.

अॅक्सल आखूड करताना डिफरन्शिअलचा गोळा तसाच ठेवून दोन्ही बाजूंच्या नळ्या कापतात. नुसत्या चिकटवलेल्या नळ्या गाडीच्या भारानं नाही, तर चाक बसवताना लावलेल्या जोरानं तुटतात. म्हणून दोन्ही तुकड्यांना भोक पाडून ०.८ मिमीची पितळी तार आरपार घालावी.

आता टब. टायरची त्रिज्या १५.५ मिमी, वर २ मिमी मोकळी जागा, म्हणजे टबची त्रिज्या १७.५. अर्धवर्तुळाची लांबी ५५ मिमी येते आणि दोन्ही बाजूंची फट धरून पट्टीची रुंदी २०.५ मिमी. पट्टी पाव मिमी जाडीच्या पॉलिस्टायरीन शीटची आणि बाजूचा अर्धगोल अर्ध्या मिमीचा घ्यावा. पट्टी जाडजूड पेनाभोवती दोऱ्यानं बांधून काही सेकंद उकळत्या पाण्यात धरायची आणि लगेच गार पाण्यात टाकायची. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे ते वळण घेतं आणि थंड झाल्यावर धरून ठेवतं. टबांसाठी तळाचा पत्रा आणि मागची सीट कापावी लागते. मास्किंग टेपनं सगळं तात्पुरतं जोडून, बॉडी वर ठेवून पाहिल्याशिवाय डिंकाची बाटली उघडू नये.

मडगार्डच्या कडेकडे लक्ष द्या. दीड मिमीची कड खऱ्या गाडीत दीड इंच जाडीचा पत्रा झाला! खरा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. सगळी बॉडी पातळ करता येत नाही, पण डोळ्याला फक्त कड दिसते. आतल्या बाजूनं पात्यानं तिरपं खरवडून कड ०.३ मिमीवर आणली की गाडी एकदम पत्र्याची वाटायला लागते. इतक्या कमी कष्टात एवढा फरक पाडणारं दुसरं काम नाही.

टायरच्या बाबतीत दोन गोष्टी. अनेक किटांमधले टायर मऊ पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य त्यात मिसळलेलं असतं. ते हळूहळू पाझरून पॉलिस्टायरीनच्या रिममध्ये शिरतं आणि रिम चिकट होऊन वितळल्यासारखी दबते. कधी महिन्यांत, कधी वर्षांत, पण होतं. रंगाचा थर यावर भरवशाचा नाही, कारण पुष्कळ रंग त्याच द्रव्यानं मऊ पडतात. टायर जिथं बसतो तिथं रिमभोवती स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळावी. धातूतून ते द्रव्य पलीकडे जात नाही. किट न उघडता ठेवायचं असेल तरी टायर वेगळ्या पिशवीत ठेवावेत, काचांना टेकू देऊ नयेत.

दुसरी गोष्ट वजनाची. मापं २५ पटींनी कमी केली की क्षेत्रफळ ६२५ पटींनी कमी होतं आणि घनफळ १५,६२५ पटींनी. गॅलिलिओनं १६३८ मध्ये मांडलेला हा नियम. १५०० किलोची गाडी या हिशेबानं ९६ ग्रॅमची होते आणि टायरवरचा दाब पंचविसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून मॉडेलचा टायर जमिनीवर बसत नाही, फक्त टेकतो, आणि गाडी तरंगल्यासारखी दिसते. काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून मागच्या टायरचा तळ अर्धा मिमी घासावा. ३१ मिमीच्या टायरवर त्यानं जवळपास ८ मिमी लांबीचा सपाट तळ तयार होतो. पुढच्या टायरांना याच्या निम्मं पुरे. मागून पुढे किंचित उतरती ढब हवी असेल तर पुढची बाजू २ मिमी खाली घ्या. खऱ्या गाडीत ते दोन इंच होतात, आणि तेवढे डोळ्यात भरतात.

जोडणीसाठी पातळ द्रव सिमेंट वापरतात. ते प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवतं आणि सांध्यात केशाकर्षणानं आपोआप ओढलं जातं, म्हणून कुंचल्याचं टोक फटीला नुसतं टेकवायचं. जास्त झालं तर पाव मिमीची पट्टी आतून मऊ पडते आणि सांध्याची रेघ आठवड्यानं रंगावर उमटते, कारण द्रावक उडत जाईल तसा तो भाग आक्रसतो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर मात्र प्लास्टिकच्या जवळ आणू नये. बॉडीच्या पृष्ठभागावर ते बारीक भेगांचं जाळं पाडतं.

रंगात तर लहान-मोठ्याचं गणित उघडंच पडतं. खऱ्या गाडीच्या दाराभोवतीची फट ४-५ मिमी, म्हणजे मॉडेलवर जेमतेम ०.२ मिमी. प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर मिळून सहज ०.१ मिमी होतात आणि दोन्ही काठांवर चढून फट बुजवतात. म्हणून रंगाआधी प्रत्येक रेघ सुरीच्या पात्याच्या उलट्या बाजूनं हलकं खरवडून खोल करावी. एका दमात नाही, आठ-दहा हलक्या फेऱ्यांत, नाहीतर पातं घसरून दारावर ओरखडा जातो. मेटॅलिक रंगाचंही तसंच. गॅरेजमध्ये वापरल्या जाणाऱ्या रंगातला ५० मायक्रॉनचा चमकीचा कण मॉडेलवर खऱ्या गाडीवरच्या सव्वा मिलिमीटरच्या कणासारखा दिसतो. मॉडेलसाठी दळलेला बारीक रंगच घ्या.

बॉडी आधी साबणाच्या पाण्यानं धुवावी, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तेल तिच्यावर असू शकतं. मग १५-२० सेंमी अंतरावरून तीन-चार पातळ हात, प्रत्येकाच्या मध्ये १०-१५ मिनिटं. पहिला हात नुसत्या फवाऱ्यासारखा. जाड हातात द्रावक प्लास्टिकमध्ये उतरायला वेळ मिळतो आणि ते तडकतं. पृष्ठताणामुळे ओला रंग टोकदार धारेवरून मागे सरतो, म्हणून पॉलिश करताना धारच आधी उघडी पडते. २००० नंबरचा पेपर लावण्याआधी धारांवर टेप चिकटवून ठेवा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या महिन्यांत लॅकर मारण्याचा मोह टाळलेला बरा. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि चकचकीत काळा रंग धुरकट पांढरा पडतो.

किटातलं क्रोम म्हणजे वार्निशवर निर्वात पेटीत चढवलेला अॅल्युमिनियमचा थर. सांधे जोडण्याआधी तो काढावा लागतो, कारण सिमेंट त्याच्यावर धरत नाही. कपडे पांढरे करण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात भाग बुडवले की तो विरघळतो. या द्रावणात संडास साफ करायचं आम्ल थेंबभरही मिसळू देऊ नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

आता इंजिन. शेव्हरोलेच्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ या आठ सिलिंडरांच्या इंजिनाला मॉडेलमध्ये जिवंत करतात त्या स्पार्क प्लगच्या वायरी. खऱ्या वायरी ८ मिमी जाडीच्या, मॉडेलवर ०.३२ मिमी हव्यात. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ३० गेजची तांब्याची तार ०.३१५ मिमीची असते, म्हणजे अगदी नेमकी. प्लगांना पाळीपाळीनं वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ०.३५ मिमीची नऊ भोकं पाडायची: कडेनं आठ, मध्ये कॉइलसाठी एक. टोपीवर घड्याळाच्या दिशेनं क्रम १-८-४-३-६-५-७-२. गाडीच्या डाव्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८ हे सिलिंडर. क्रमात पाच आणि सात लागोपाठ येतात आणि इंजिनावरही शेजारी आहेत. त्यांच्या वायरी समांतर चिकटून गेल्या, तर एकीतल्या विजेच्या झटक्यानं दुसरीत वीज उमटते आणि सातव्या सिलिंडरमध्ये अवेळी ठिणगी पडते. म्हणून मेकॅनिक या दोन वायरी मुद्दाम लांब ठेवतात. मॉडेलवरही तसंच करा: बाकीच्या सहा वायरी एकमेकींजवळ, आणि पाच-सातच्या मध्ये दीड मिलिमीटरची मोकळी जागा.