हरिहरचे बूट बर्फात का चालत नाहीत

नाशिकच्या ट्रेकरची बुटांची पारख हरिहरच्या कोरीव पायऱ्यांवर आणि साल्हेरच्या घसाऱ्यावर होते. बूट हलका हवा, तळ मऊ आणि कातळाला धरणारा हवा. सह्याद्रीत ही पारख अगदी बरोबर आहे. पण तेच बूट घेऊन कुणी हिवाळी चढाईला निघालं, की मला खरोखर काळजी वाटते.

शंभर वर्षांपूर्वी आल्प्समध्ये चामड्याच्या बुटांना खालून लोखंडी खिळे ठोकत. बर्फात ते धरायचे, पण थंडी थेट तळपायाला भिडायची. खडक आला की हे जड बूट काढून मऊ तळाचे हलके बूट चढवत. १९३५ साली इटलीतल्या पुंता रासिका या शिखरावर अशाच हलक्या बुटांतल्या तुकडीला वादळानं गाठलं. सहा जण गेले. त्या मोहिमेतून वाचलेल्या विताले ब्रामानींनी मग खोल खाचांचा रबरी तळ घडवला आणि १९३७ मध्ये पेटंट घेतलं. आपल्या बुटाखालचा 'व्हिब्रम' हा शिक्का त्यांच्याच नावाचा.

घसरणं कमी झालं, गारठा तसाच राहिला. अन्नपूर्णेवर १९५० मध्ये एर्झोग आणि लाशनाल या फ्रेंच गिर्यारोहकांच्या पायांची सगळी बोटं हिमदंशानं गेली. चामडं ओल पितं आणि रात्री गोठतं. २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या तंबूत हिलरींचे बूट दगड झाले होते. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात दोन तास गेले. तेनसिंग मात्र बूट घालूनच झोपले होते! पुढे दुहेरी बूट आले, ते यावरचंच उत्तर. आतला मऊ बूट काढून रात्री स्लीपिंग बॅगेत घेता येतो.

हिवाळी बुटाचा तळ कडक का, तर क्रॅम्पॉनसाठी, म्हणजे बर्फात रुतण्यासाठी बुटाखाली बसवायच्या धातूच्या दातेरी सांगाड्यासाठी. पुढच्या दोन दातांवर उभं राहायचं तर बूट वाकून चालत नाही. वाकला की क्रॅम्पॉन सुटतो. पटकन बसणाऱ्या क्रॅम्पॉनसाठी टाचेला आणि चवड्याला खाच लागते. एका दिवसाच्या आल्पाइन, म्हणजे उंच बर्फाळ डोंगरावरच्या, चढाईला उबदार एकेरी बूट पुरतो. सहा हजार मीटरवर मुक्काम असेल, तर दुहेरीच घ्या.

खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. जाड लोकरी मोजे घालून दुकानाचाच जिना उतरून बघा. अंगठा पुढे टेकला, तर तो बूट घेऊ नका.