आपत्कालीन सूचना कार्यपद्धती (विद्यापीठ परिसर)

आग, वायुगळती, अतिवृष्टी किंवा सशस्त्र हल्ला अशा प्रसंगी विद्यापीठाच्या आवारातील प्रत्येकाला काही मिनिटांत सावध करण्याची, आधीच ठरवून ठेवलेली पद्धत. भोंगे आणि एसएमएस यंत्रणा विकत मिळतात. संदेश सोडायचा अधिकार कोणाचा, हे मात्र बसून ठरवावे लागते आणि बहुतेक विलंब तिथेच होतो.

अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहात गोळीबार झाला. विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत गोळीबार झाला. त्या दिवशी एकूण ३२ जणांचा बळी गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या क्लेरी कायद्यात (विद्यापीठ आवारातील सुरक्षेविषयीच्या कायद्यात) दुरुस्ती होऊन, धोक्याची खात्री पटताच विनाविलंब सूचना देणे बंधनकारक झाले.

नवी मुंबईत सर्वात आधी विचार करावा लागतो तो ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील रसायन कारखान्यांचा. आग लागली की इमारतीबाहेर पडायचे. विषारी वायू पसरला की बहुधा आतच थांबायचे. दोन्हींसाठी एकच घंटा वाजत असेल तर मुले सवयीने मैदानात धावतील, म्हणजे थेट वायूतच. म्हणून संदेशात धोक्याच्या नावासोबत कृती हवी: ‘वायुगळती. वर्गातच थांबा. खिडक्या लावा, एसी आणि पंखे बंद करा. पुढची सूचना दहा मिनिटांत.’ हा मजकूर मराठी, हिंदी व इंग्रजीत आधीच लिहून ठेवलेला बरा. घाईत लिहिताना नेमका कृतीचा भाग राहून जातो.

पावसाळ्याचे गणित वेगळे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या, फोन लागेनात. अशा दिवशी वर्ग लवकर सोडण्याआधी गाड्या सुरू आहेत का, हे पाहायला हवे. नसतील तर मुलांना आवारातच ठेवून पालकांना तसे कळवणे अधिक सुरक्षित.

व्हॉट्सअॅप गटात नसलेली माणसे हमखास सुटतात: मेसमधल्या मावशी, सफाई कामगार, बांधकामावरचे मजूर. कर्णबधिर विद्यार्थ्याला भोंगा ऐकू येत नाही. त्याच्यासाठी लुकलुकणारा दिवा लागतो. धोका टळल्याचा संदेशही तितक्याच ठळकपणे जायला हवा, नाहीतर लोक अंदाजाने बाहेर पडतात.

रात्री दोन वाजता उग्र वास आल्यास पहिला निर्णय फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला घ्यावा लागतो. कुलसचिवांना विचारल्याशिवाय भोंगा वाजवण्याची लेखी मुभा त्याला हवी, आणि केबिनच्या भिंतीवर ११२ व १०१ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत.