एडुआर्ड झिर्म आणि १९०५ मधलं डोळ्याचं ते कलम

डोळ्यात फूल पडलं की नजर गेली, असंच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धरून चालत. आतला पडदा ठीक, नस ठीक, फक्त पुढची काच म्हणजे कॉर्निया पांढरी पडलेली. मग काचच बदलावी, हा विचार फ्रान्झ रायझिंगर या जर्मन सर्जनने १८२४ मध्ये मांडला आणि त्याला 'केराटोप्लास्टी' हे नावही दिलं. बारसं आधी झालं, बाळ यायला ऐंशी वर्षं लागली. ते आलं एडुआर्ड झिर्म या नेत्रतज्ज्ञाच्या हातून.

मधल्या काळातले प्रयोग बहुतेक जनावरांवर विसंबून होते. सॅम्युअल बिगर हा आयरिश डॉक्टर वाळवंटात कैदेत असताना त्याने एका पाळीव हरिणाच्या डोळ्यात दुसऱ्या हरिणाचा कॉर्निया बसवला आणि तो टिकला, असं त्याने १८३७ मध्ये लिहून ठेवलं. खरं तर उत्तर तिथेच होतं: हरिणाला हरिणाचा. पण माणसाच्या डोळ्यात डुकराचा, सशाचा कॉर्निया बसवणं चालूच राहिलं. आर्थर फॉन हिपेल या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८८०च्या दशकात एक मोलाची गोष्ट दिली, चावी दिल्यावर घड्याळासारखं फिरणारं, कॉर्नियाची गोल चकती कापणारं उपकरण. मात्र तो वरचे थर तेवढे बदलायचा.

झिर्म १८६३ मध्ये व्हिएन्नात जन्मला. १८९२ पासून तो ओलोमोउत्सच्या रुग्णालयात नेत्रविभाग सांभाळत होता. आज चेक प्रजासत्ताकात असलेलं हे गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मोराव्हिया प्रांतात होतं. व्हिएन्नाच्या झगमगाटापासून दूर, शेतकरी-मजुरांचा मुलूख. चुन्याने डोळे भाजलेले लोक अशा ठिकाणीच जास्त यायचे. आम्लाने भाजलेला डोळा एक वेळ बरा. चुना आत आत जिरत जातो.

असाच दोन्ही डोळे गेलेला एक मजूर त्याच्याकडे आला होता. त्याच सुमारास डोळ्यात लोखंडाचे कण घुसलेला अकरा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचा डोळा वाचण्यासारखा नव्हता, काढावाच लागला. कॉर्निया मात्र स्वच्छ होता. ७ डिसेंबर १९०५ रोजी झिर्मने त्या एका कॉर्नियातून टिकलीएवढ्या दोन चकत्या कापल्या आणि मजुराच्या दोन डोळ्यांत बसवल्या. या वेळी वरवरचा थर नव्हे, पूर्ण जाडीचा कॉर्निया बदलला होता. चकतीतून त्याने सुई घातलीच नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पापुद्र्याचा आधार घेऊन ती वरून दाबून ठेवली.

एक कलम बिघडलं, दुसरं स्वच्छ राहिलं आणि मजूर पुन्हा कामाला लागला. कॉर्निया तोच, सर्जन तोच, रोगीही तोच, तरी निकाल वेगळे. नशिबाचा वाटा होता, नाकारण्यात अर्थ नाही. पण झिर्म नशिबावर थांबला नाही. १९०६ च्या लेखात त्याने अटीच घालून दिल्या. कॉर्निया माणसाचाच हवा, तोही तरुण आणि निरोगी डोळ्यातला. हिपेलचंच उपकरण वापरावं. रोग्याला पूर्ण भूल द्यावी. निर्जंतुकपणा कडक पाळावा, पण जंतुनाशक औषधं डोळ्यावर ओतू नयेत. कापलेली चकती मिठाच्या निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या गॉझमध्ये, वाफेवर ऊबदार ठेवावी. माझ्या मते त्याचं खरं काम ते ऑपरेशन नसून ही यादी आहे. रक्तवाहिन्या नसलेल्या कॉर्नियाकडे शरीराच्या प्रतिकारशक्तीचं लक्ष एरवी कमी जातं, हे तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं. अटी मात्र बरोबर निघाल्या.

अडचण उरली ती डोळ्यांची. काढाव्या लागलेल्या, पण कॉर्निया शाबूत असलेल्या डोळ्याची वाट किती पाहणार? आज युक्रेनमध्ये असलेल्या ओडेसात व्लादिमीर फिलातोव्ह या नेत्रतज्ज्ञाने १९३०च्या दशकात मृताचा, थंडीत जपलेला कॉर्नियाही चालतो हे दाखवून दिलं. मग डोळे साठवायची सोय आली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टाउनली पॅटन यांनी नेत्रपेढी सुरू केली. त्याच वर्षी झिर्म वारला.