फाइलमधले बदल टाकून देण्याची पार्श्वभूमी

दिवसभर फाइलमध्ये खटपट केली, काही जमलं नाही, आता सकाळची फाइल परत हवी. आज व्हर्जन कंट्रोल प्रणालीत, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका कमांडने हे होतं, कारण मूळ प्रत कुठेतरी जपलेली असते. ती कुठे जपायची, यावरच ही कमांड पिढ्यानपिढ्या बदलत गेली.

1972 मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही अशीच एक प्रणाली लिहायला घेतली. तिथे फाइल संपादनासाठी मागून घ्यावी लागे आणि ती तुमच्या नावावर लॉक होई, म्हणजे तोवर इतरांना ती बदलता येत नसे. बदल नको असतील तर ‘अनगेट’. तुमची प्रत पुसली जाई आणि लॉकही सुटे. म्हणजे बदल सोडून देणं ही सहकाऱ्यांसाठी वाट मोकळी करण्याचीही गोष्ट होती. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढे तो हरवला. 1982 च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी केलेल्या आरसीएस या प्रणालीमध्येही लॉकचीच पद्धत होती.

1986 मध्ये डिक ग्रून यांनी आरसीएसवर शेल स्क्रिप्टचा (कमांडच्या छोट्या प्रोग्रामांचा) थर चढवून सीव्हीएस उभं केलं. लॉक गेलं, एकाच फाइलवर अनेकांना काम करता येऊ लागलं आणि बदल टाकून देणं ही ज्याची त्याची खासगी बाब झाली. सुरुवातीला त्यासाठी वेगळी सोयच नव्हती: फाइल पुसा, ‘अपडेट’ चालवून ताजी प्रत आणा. ‘अपडेट’ला नंतर आलेला ‘मोठा सी’ (-C) हा पर्याय मात्र समजूतदार होता. ताजी प्रत आणताना तो तुमची बदललेली फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवी.

2004 मध्ये सबव्हर्जन या पुढच्या प्रणालीची 1.0 आवृत्ती आली. ‘.एसव्हीएन’ फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलची मूळ प्रत असे. डिस्कवर जागा दुप्पट लागे, पण ‘रिव्हर्ट’, म्हणजे बदल टाकून देणारी कमांड, नेटवर्कशिवाय चाले. मर्क्युरियल या आणखी एका प्रणालीचं ‘रिव्हर्ट’ तर टाकून दिलेले बदल ‘.ओरिग’ फाइलीत ठेवतं. इतकी माया बाकीच्यांनी दाखवायला हवी होती.

गिट या प्रणालीने 2005 मध्ये ‘रिव्हर्ट’ हाच शब्द दुसऱ्या कामाला लावला. गिटचं ‘रिव्हर्ट’ जुन्या कमिटला (नोंदवून ठेवलेल्या बदलांना) उलटवणारं नवं कमिट करतं. सबव्हर्जनमधून आलेल्यांची इथे हमखास गफलत होई. कमिट न केलेले बदल टाकून द्यायचे तर ‘चेकआउट’, म्हणजे ब्रँच (कामाची समांतर शाखा) बदलण्याचीच कमांड. ब्रँच आणि फाइल यांचं नाव सारखं असलं तर घोळ नको म्हणून मध्ये दोन आडव्या रेघा द्यायच्या. दोन जोखमीच्या गोष्टी एकाच शब्दात कोंबणं ही माझ्या मते चूकच होती. ती सुधारायला ऑगस्ट 2019 उजाडला, 2.23 आवृत्तीत ब्रँच बदलायला ‘स्विच’ आणि फाइल परत आणायला ‘रिस्टोर’ असे वेगळे झाले.

‘रिस्टोर’ही न विचारता बदल पुसतं. मात्र फाइलवर एकदा ‘गिट ॲड’ (पुढच्या कमिटसाठी फाइल निवडणारी कमांड) केलं असेल, तर तेव्हाचा मजकूर गिटच्या साठ्यात गेलेला असतो. नंतर सगळं टाकून दिलं तरी ‘एफएससीके’ (fsck) कमांडने, ‘लॉस्ट फाउंड’ हा पर्याय देऊन, तो बऱ्याचदा सापडतो. फाइलीचं नाव मिळत नाही, एकेक तुकडा उघडून पाहावा लागतो. आणि गिटची साफसफाई मूळ सेटिंगनुसार दोन आठवड्यांपेक्षा जुने अनाथ (कशालाच न जोडलेले) तुकडे काढून टाकते, त्यामुळे शोध त्याआधीच घ्यावा लागतो.