दोन जाळ्यांतून उतरणारी रेघ

सोलापूरच्या पूर्व भागात चादरीची नक्षी मागावर चढण्याआधी चौकडीच्या कागदावर उतरते. मोर विणायचा असेल, तर नक्षीकार आधी साध्या कागदावर मोकळ्या हाताने मोर काढतो आणि मग ती रेघ ग्राफवर बसवत एकेक घर रंगवत जातो. भरलेले घर म्हणजे त्या जागी ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलायचा, रिकामे घर म्हणजे तो खालीच राहू द्यायचा. ग्राफच्या प्रत्येक आडव्या ओळीसाठी जकार्डला, म्हणजे मागावरच्या धागे उचलणाऱ्या यंत्राला, छिद्रांचे एक कार्ड लागते. आता पुष्कळ ठिकाणी हे काम संगणकावर होत असले, तरी असा एक जुना, हाताने रंगवलेला ग्राफ मला जवळून पाहता आला. त्यात मोराच्या मानेचा बाक सगळा पायऱ्यापायऱ्यांचा होता. तोच बाक विणलेल्या चादरीत दोन हातांवरून पाहिला, की पायऱ्या मिटून मान पुन्हा गोल दिसत होती.

नोकरी सांभाळून संध्याकाळी संगणकावर चित्रे काढण्याची हौस मला आहे आणि तो ग्राफ पाहिल्यापासून माझ्या साधनांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. डिजिटल चित्रकाराच्या हाताची रेघ पडद्यावर पोहोचेपर्यंत एका नव्हे, दोन जाळ्यांतून जाते. पहिले जाळे टॅब्लेटच्या, म्हणजे संगणकाला जोडून ज्यावर पेनने चित्र काढतात त्या पाटीच्या, पोटात असते आणि ते तांब्याच्या तारांचे असते. दुसरे पडद्यावरच्या पिक्सेलांचे. रेघ कुठे बिघडते हे ज्याला कळते, त्याला स्वस्त टॅब्लेटवरही उत्तम काम करता येते, असे माझे ठाम मत आहे.

तारांच्या जाळ्याची कल्पना बरीच जुनी आहे. १९६४ साली अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने तयार केलेल्या टॅब्लेटमध्ये सुमारे दहा इंच चौरस पृष्ठभागाखाली इंचाला शंभर या हिशेबाने उभ्या-आडव्या तारा होत्या, मात्र त्याचे पेन वायरने जोडलेले होते. आज हौशी चित्रकार वापरतात त्या बहुतेक टॅब्लेटांच्या पेनला वायरही नसते आणि सेलही नसतो. जपानमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या वॅकॉम या कंपनीने रुळवलेले हे तंत्र विद्युतचुंबकीय अनुनादावर चालते, आणि ते समजून घ्यायला रेडिओचे उदाहरण पुरेसे आहे. पेनच्या आत तारेचे एक वेटोळे आणि एक धारित्र (कपॅसिटर) असते. रेडिओ एका स्टेशनला जुळतो, तशी या जोडीची स्वतःची अशी एक ठरलेली कंपनसंख्या असते. अनेक टॅब्लेटांत ती ५०० ते ६०० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे मध्यम लहरींच्या रेडिओपट्ट्याच्या खालच्या टोकाजवळ असते. टॅब्लेटमधल्या तारा त्याच कंपनसंख्येचे चुंबकीय क्षेत्र क्षणभर सोडतात, पेनमधली जोडी त्या क्षेत्रातून ऊर्जा घेऊन कंप पावू लागते, आणि मग टॅब्लेट बोलणे थांबवून ऐकू लागतो. घंटेवर टोला मारून हात बाजूला घेतला तरी ती काही वेळ घुमत राहते, तसे पेन घुमत राहते आणि त्याचा प्रतिसाद खालच्या तारांना मिळतो. हे बोलणे-ऐकणे इतक्या वेगाने चालते, की सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा पेनची जागा संगणकाला कळवता येते.

यातली खरी मेख पुढे आहे. टॅब्लेटच्या खोक्यावर इंचाला ५०८० रेषा, म्हणजे मिलिमीटरला २०० रेषा असा आकडा छापलेला असतो. तारा मात्र एकमेकींपासून काही मिलिमीटर अंतरावर असतात. मग मधली जागा येते कुठून? ती गणिताने येते. शेजारशेजारच्या तारांना मिळालेला प्रतिसाद कुणाला किती जोराचा आला, त्याच्या प्रमाणावरून पेन दोघींच्या मध्ये नेमके कुठे आहे हे काढले जाते. या हिशेबात जी बारीक चूक राहते ती प्रत्येक तारेपाशी त्याच पद्धतीने पुन्हा येते, आणि म्हणून सावकाश ओढलेली तिरपी रेघ काही टॅब्लेटांवर नागमोडी होते. फूटपट्टी लावून, अगदी संथपणे एक तिरपी रेघ ओढून पाहावी. लाटा ठरावीक अंतराने येत असतील, तर दोष तारांच्या जाळ्याचा आहे. रेघ दर वेळी वेगळ्या जागी वाकत असेल, तर तो आपल्या हाताचा आहे.

तिसरा एक प्रकार मला घरातच भेटला. सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज काढत होतो. उंच, सरळ, किंचित कललेल्या त्या काठ्यांची रेघ मला काही केल्या स्वच्छ येईना. तिच्या दोन्ही कडांना अनियमित, बारीक थरथर होती आणि पेन एका जागी धरून ठेवले तरी पडद्यावरचा ठिपका स्वस्थ बसत नव्हता. दोन दिवस मी पेनला दोष दिला. मग लॅपटॉपचा चार्जर काढला आणि थरथर तत्क्षणी थांबली. आमच्या जुन्या घराच्या त्या खोलीत अर्थिंग नव्हते. चार्जरमधले परिपथ वीज अतिशय वेगाने चालू-बंद करत व्होल्टेज उतरवतात. त्यातून निघणाऱ्या गोंगाटाला जमिनीत जायला वाट नसेल, तर तो लॅपटॉप आणि यूएसबीच्या वायरीमार्गे टॅब्लेटपर्यंत पोहोचतो, आणि पेनचा क्षीण प्रतिसाद ऐकायला बसलेल्या तारांना तोही ऐकू येतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेतल्यावर तोच चार्जर लावून रेघ सरळ आली. नवा टॅब्लेट घेण्याचा विचार करणाऱ्याने आधी घरचा सॉकेट तपासावा, हे मी आग्रहाने सांगतो.

दाबाचे गणितही अनुनादाचेच आहे. पेनचे टोक दाबले, की आतल्या जोडीचे गुण किंचित बदलतात, तिचा सूर थोडा सरकतो आणि त्या सरकण्यावरून टॅब्लेट दाब ओळखतो. जाहिरातीत दिसणारा ८१९२ पातळ्यांचा आकडा म्हणजे दोनचा तेरावा घात, दाब तेरा बिटांत नोंदवल्याची ती खूण. माणसाच्या हाताला इतके बारीक फरक जाणूनबुजून करता येत नाहीत, त्यामुळे ४०९६ की ८१९२ यावर पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. किती हलक्या स्पर्शाला पेन पहिल्यांदा दाद देते, ते अधिक महत्त्वाचे. क्रिता या मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दाबाचा वक्र, म्हणजे किती दाबाला किती जाड रेघ याचा आलेख, हवा तसा वाकवता येतो; हात जड असेल तर वक्र खाली ओढावा, म्हणजे मधल्या दाबाला रेघ लगेच जाड होत नाही.

थरथर कमी करण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये स्टॅबिलायझरही असतो. तो पेनच्या मागच्या काही जागांची सरासरी काढून रेघ ओढतो, आणि सरासरीत भूतकाळ मिसळलेला असल्याने रेघ पेनच्या मागे मागे चालते. लांब, डौलदार वळणांना ते शोभते; झटपट रेखाटनात मात्र चेहऱ्याचे टोकदार कोपरे बोथट होतात.

आता दुसरे जाळे. पडद्यावरची तिरपी रेघ ग्राफवरच्या मोरासारखीच पायऱ्यांची असायला हवी, पण सॉफ्टवेअर कडेच्या घराचा जितका भाग रेघेखाली येतो तितकीच रंगाची छटा त्या घरात भरते. मागावर धागा एक तर वर असतो नाहीतर खाली. इथे घर अर्धेही भरता येते, आणि डोळा दुरून त्या अर्ध्या छटांची गोल कड करून घेतो. रंगांचेही तसेच. ताणा पिवळा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, लाल असला, की चादर लांबून नारिंगी भासते; पडद्यावरचा पिक्सेलही तांबडा, हिरवा, निळा अशा तीन शेजाऱ्यांचाच बनलेला असतो.

घरांच्या प्रमाणाची अडचण तर दोन्हीकडे हुबेहूब आहे. कापडात इंचाला ताण्याचे धागे जितके, तितकेच बाण्याचे नसतील, तर चौरस घरांच्या ग्राफवर काढलेले वर्तुळ विणल्यावर लांबट होते, म्हणून नक्षीकार धाग्यांच्या प्रमाणात घरे असलेला कागद निवडतो. टॅब्लेटची लांबी-रुंदी दहा बाय सहा आणि पडदा सोळा बाय नऊ असेल, तर हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर किंचित आडवे पसरते. ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय निवडला, की टॅब्लेटची थोडी पट्टी वाया जाते आणि वर्तुळ वर्तुळच राहते.

लेयरबद्दल, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांबद्दल, थोडक्यात एवढेच, की प्रत्येक लेयर ही स्मृतीत भरलेली एक वेगळी चौकडी असते. ए-४ कागद इंचाला ३०० ठिपक्यांनी घेतला, तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल होतात. प्रत्येकाला तीन रंगांचे तीन आणि पारदर्शकतेचा एक असे चार बाइट धरले, तर पूर्ण भरलेल्या एका लेयरला सुमारे ३५ मेगाबाइट लागतात आणि अशा वीस लेयरना ७०० मेगाबाइट. क्रिता चित्राचे ६४ बाय ६४ पिक्सेलांचे तुकडे करून रिकाम्या तुकड्यांची जागा वाचवते, म्हणून चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरही माझे नंदीध्वज निभावून गेले.

उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपार गेला, की घामेजलेला तळहात टॅब्लेटला चिकटतो आणि रेघ मध्येच अडखळते. त्यावर जुन्या सुती बनियनची पट्टी कापून करंगळीच्या बाजूला गुंडाळली, की हात पुन्हा सुटसुटीत सरकतो. पेनचे प्लॅस्टिकचे टोक मात्र अधूनमधून उजेडात धरून पाहावे लागते. ते एका बाजूने घासून धारदार झाले असेल, तर पृष्ठभागावर ओरखडे उठण्याआधी चिमट्याने ओढून काढावे आणि नवे बसवावे.