काळं प्लॅस्टिक पांढरट का पडतं आणि परत काळं कसं होतं

गाडीचा बंपर, आरशाचं कव्हर, वायपरखालची जाळी, गच्चीतली खुर्ची, काळं प्लॅस्टिक काही वर्षं उन्हात राहिलं की राखाडी पडतं आणि आपण म्हणतो रंग उडाला. पण रंग उडालेला नसतोच. हा काळा रंग म्हणजे कार्बन ब्लॅक, थोडक्यात काजळी, आणि ती उन्हाने फिकी पडत नाही, उलट यूव्ही किरण स्वतः शोषून आतल्या प्लॅस्टिकला वाचवते.

बिघडतं ते वरचं प्लॅस्टिक. गाडीचे हे न रंगवलेले भाग बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनचे असतात, त्याच्या रेणूंच्या लांब साखळीतले काही हायड्रोजन जरा सैल बांधलेले असतात, यूव्ही आणि हवेतला ऑक्सिजन मिळून ते पळवतात, तिथे फ्री रॅडिकल, म्हणजे कशाशीही चटकन भिडणारा अर्धवट तुकडा, तयार होतो, तो शेजारच्याला बिघडवतो आणि असं करत साखळ्या तुटत जातात. कंपनीने यासाठी आत स्टॅबिलायझर, म्हणजे ही तुटफूट रोखणारी रसायनं, घातलेले असतात, पण ते हळूहळू संपतात. मग पृष्ठभाग ठिसूळ होतो, बारीक बारीक भेगा पडतात, आणि त्या खडबडीत थरावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, तोच आपल्याला पांढरट दिसतो.

खात्री करायची तर पाणी शिंपडा. लगेच काळंभोर दिसेल, वाळलं की परत राखाडी. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो त्याचा आकडा, 1, या प्लॅस्टिकचा साधारण 1.5, पाण्याचा 1.33, म्हणजे भेगांत हवेऐवजी पाणी भरलं की हा फरक कमी होतो आणि प्रकाश कमी विखुरतो.

बाजारातली बरीच ड्रेसिंग, म्हणजे प्लॅस्टिकवर चोळायची चकाकीची द्रव्यं, हेच करतात, फक्त पाण्याऐवजी सिलिकॉन तेल, साधारण 1.4 वालं. ते पाण्यासारखं उडून जात नाही पण पावसात आणि धुण्यात निघत जातं, म्हणून पुन्हा पुन्हा लावावं लागतं. खाण्याचं तेल मात्र लावू नका, ते स्वतःच ऑक्सिडाइज होऊन चिकट होतं आणि वर धूळ धरतं ते वेगळंच.

हीट गनचे, म्हणजे खूप गरम हवा फेकणाऱ्या यंत्राचे, व्हिडिओ बघून सगळेच खूश होतात आणि ती जादू खरीही आहे, पॉलिप्रोपिलीन 160 अंशांच्या आसपास वितळतं, वरचा थर जरा वितळला की भेगा बुजतात आणि काळेपणा परत. पण संपलेले स्टॅबिलायझर काही परत येत नाहीत, त्यामुळे ऊन लागलं की गाडी परत तिथेच. शिवाय गन एका जागी थांबली तर टेक्स्चर जातं, भाग वाकतो, शेजारचा पेंट फुगतो. माझ्या मते नवख्याने हे आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघावं.

जास्त टिकतं ते कडक होणारं कोटिंग, त्यातही यूव्ही अडवणारं. पण पॉलिप्रोपिलीनवर मुळात काही चिकटायला तयार नसतं, म्हणून खरी मेहनत आधीची, बोटाला पावडर लागत असेल तर ती ब्रशने आणि साबणाने घासून काढायची, जुनं सिलिकॉन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच कोटिंग. घाई केली की पापुद्रे निघतात. खाचांमधले पॉलिशचे पांढरे डाग मात्र वेगळे, ते नुसतं मेण असतं, तिथे मऊ ब्रश पुरतो.

घरातल्या जुन्या टॉर्चचं किंवा माऊसचं काळं रबरी आवरण चिकचिकीत होतं, तो आजारच दुसरा. ते बहुतेकदा पॉलियुरेथेनचं मऊ कोटिंग असतं, हवेतल्या ओलाव्याने तुटतं, आणि त्याला काही लावून उपयोग नाही, अल्कोहोलने पुसून सरळ काढूनच टाकायचं, खालचं प्लॅस्टिक सहसा धडधाकट असतं.