रिमफायर रायफल : काडतुसाची निवड आणि अचूकता

रिमफायर काडतुसाला वेगळा प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) नसतो. आघाताने पेटणारे रसायन पितळी पुंगळीच्या बुडाच्या पोकळ कडेत भरलेले असते. ते सगळीकडे सारखे पसरले नसेल, तर दारू दर वेळी वेगळ्या जोराने पेटते आणि गोळीचा वेग कमीजास्त होतो. ही काडतुसे घरी पुन्हा भरण्याजोगी नसल्याने नेमबाजाच्या हाती उरते ती निवड.

१८८७ पासून प्रचलित असलेल्या ०.२२ लाँग रायफल या रिमफायर काडतुसाची नेहमीची शिशाची गोळी ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते. वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर ५० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे. ग्रुप (लागोपाठ झाडलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) उभा पसरू लागला की आधी काडतुसावर संशय घ्यावा.

जास्त वेग म्हणजे जास्त अचूकता, हा समज इथे फसतो. हाय व्हेलॉसिटी गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास सुटते आणि वाटेतच ध्वनीच्या वेगाखाली येते. त्या टप्प्यात हवेचा विरोध झपाट्याने बदलतो आणि गोळी डळमळू शकते. आडव्या वाऱ्यातही ती हळू गोळीपेक्षा जास्त सरकते. म्हणून स्पर्धेची काडतुसे मुद्दाम सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाची ठेवतात. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत मात्र फार मंद काडतूस बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग) पुरता मागे ढकलत नाही आणि पुंगळी अडकते.

एका नळीला मानवलेले काडतूस त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नळीला मानवेलच असे नाही. इतकेच काय, एकाच प्रकारच्या दोन लॉटमध्येही (कारखान्यात एका वेळी बनलेल्या काडतुसांच्या गटांतही) फरक दिसतो. चाचणीसाठी रायफल टेकूवर ठेवून प्रत्येक लॉटचे ५० मीटरवर १० गोळ्यांचे निदान चार ग्रुप घ्यावेत. पाच गोळ्यांच्या एका देखण्या ग्रुपवरून काही ठरत नाही. काडतूस बदलल्यावर पहिल्या १०-२० गोळ्या मोजू नयेत. गोळीवरच्या मेणाचा किंवा चरबीचा नवा थर नळीत बसेपर्यंत मार भरकटतो. जमलेला लॉट सापडला, की खोक्यावरचा क्रमांक पाहून त्याचाच साठा करावा.

६० ग्रेनची लांब गोळी आतल्या वळणदार खाचांनी गोळीला १६ इंचांत एक वेढा देणाऱ्या नेहमीच्या नळीत बहुधा पुरेशी स्थिर होत नाही; कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसले, तर कारण हेच.